लॅपटॉप घेऊन जॅझ त्रिकुटात पाहुणे जाताय? आधी ड्रमरची राइड सिंबल कुठे आहे ते बघा

सॅक्सोफोन, डबल बास, ड्रम्स आणि चौथा पाहुणा मी. माझ्याकडे लॅपटॉप, छोटा मिक्सर आणि एक फूट कंट्रोलर. सॅक्सचा सूर माइकमधून आत घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे, लांबवायचे, उलटे करायचे आणि वाजणं चालू असतानाच स्पीकरमधून परत सोडायचे. तीन आठवडे घरी घासून सराव केला होता. सॅक्सवाल्याने पाठवलेल्या स्वच्छ रेकॉर्डिंगवर. पुढची सगळी फजिती ह्या 'स्वच्छ' शब्दामुळे झाली.

दुसऱ्या पीसमध्ये मी चार बारचा लूप, म्हणजे परत परत फिरणारा तुकडा, पकडला आणि ऐटीत सोडला. सॅक्स परत आला, पण त्याच्या पाठोपाठ राइड सिंबलही, म्हणजे ठेका धरणारी मोठी झांज, आली. ड्रमरची स्वतःचीच, आठ सेकंदांपूर्वीची. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं ते मी अजून विसरलो नाही.

हे नीट समजून घ्या, कारण कोणी सांगत नाही. सॅक्सचा माइक फक्त सॅक्स ऐकत नाही, दोन मीटरवरचे ड्रम्सही ऐकतो. नुसता आवाज मोठा करायचा असेल तर चालून जातं, कारण शिरलेले ड्रम्स खऱ्या ड्रम्सबरोबरच वाजतात. तुम्ही मात्र तो आवाज साठवून नंतर सोडताय. टेम्पो १२० (मिनिटाला १२० बीट) असताना पकडलेले चार बार (बारला चार बीट) म्हणजे बरोबर ८ सेकंद. सोलो तापला आणि बँड १२४ वर गेला की तेच चार बार ७.७४ सेकंदांत संपतात. एका फेरीत पाव सेकंदाचा फरक, म्हणजे जवळजवळ अर्धा बीट. जुनी राइड नव्या राइडच्या बरोबर मधोमध पडायला लागते. बिचारा ड्रमर कुणाला धरून वाजवणार? आणि बँड टेम्पो सरकवणारच, माणसं आहेत.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'नॉइज गेट लाव', म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज अडवणारं दार. मलाही मिळाला, तोही असल्या गोष्टी शिकवणाऱ्याकडून. गेट सॅक्स थांबल्यावर बंद होतो. सॅक्स वाजायला लागला की उघडतो आणि राइड त्याच दारातून आत येते. लूप तर सॅक्स वाजतानाच पकडायचा असतो ना! ज्याने ड्रमरशेजारी उभं राहून कधी वाजवलेलं नाही, त्याच्याकडून लाइव्ह प्रोसेसिंग शिकू नका, हे माझं ठाम मत. नवे प्लगइन विकत घेणं हाही तसलाच पळपुटेपणा.

उपयोग झाला तो माइक जवळ आणण्याचा. सॅक्सपासून ४० सेंटिमीटरवर असलेला माइक १० वर आणला की सॅक्स साधारण १२ डेसिबलने वाढतो, ड्रम्स होते तिथेच राहतात. मग तेवढा गेन (माइकची पातळी) खाली करा. बेलला (सॅक्सच्या रुंद टोकाला) क्लिपचा माइक लावणार असाल तर एक लक्षात ठेवा: सॅक्सचा बराचसा आवाज बोटांखालच्या भोकांतून येतो, त्यामुळे बेलच्या तोंडाशी सर्वांत खालचे सूर अंगावर येतात. दुसरं म्हणजे दिशा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक बरोबर पाठीमागे सर्वांत बहिरा असतो, त्याहून अरुंद ऐकणारा सुपरकार्डिऑइड मात्र थोडा तिरका, समोरून १२५ अंशांच्या आसपास. माझ्याकडे सुपरकार्डिऑइड होता आणि मी ड्रम्स थेट त्याच्या पाठीशी ठेवले होते. हात दाखवून अवलक्षण.

एवढं करूनही राइड थोडी येणारच. म्हणून आता ठेका असलेला लूप मी फक्त बासचा घेतो. बासच्या ब्रिजवर (तारांखालच्या घोडीवर) चिकटवलेला पिएझो पिकअप हवेतला आवाज नाही, लाकडाची थरथर ऐकतो, त्यात सिंबल जवळपास नसतेच. सॅक्सचे फक्त लांब, ठेका नसलेले धागे करतो आणि प्रोसेसिंगकडे जाणाऱ्या वाटेवर वरच्या फ्रिक्वेन्सी कापतो.

लेटन्सीला, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून जाऊन यायला लागणाऱ्या उशिराला, उगाच घाबरू नका. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, येता-जाता दुप्पट धरा, वर थोडे कन्व्हर्टरचे. तीन मीटरवरच्या बासचा आवाज तुमच्यापर्यंत हवेतून यायलाच ९ मिलिसेकंद लागतात.

पाहुणेपणाचं दडपणही नको. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या सेक्स्टेटकडे (सहा जणांच्या बँडकडे) १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅट्रिक ग्लीसन सिंथेसायझर घेऊन रेकॉर्डिंगपुरता आला आणि पुढे बँडबरोबर दौऱ्यावरही गेला. १९९०च्या दशकात सॅक्सवादक इव्हान पार्करने सॅक्स-बास-ड्रम्सच्या आपल्या त्रिकुटाभोवतीच प्रोसेसिंग करणारी माणसं बसवली. जागा असते. फक्त पहिल्या दिवशी तिन्ही वाद्यांवर हात टाकू नका.

आणि तालीम पूर्ण आवाजात, ड्रम्ससकट करा. दुसऱ्या कार्यक्रमाआधी मी ड्रमरकडे एकच गोष्ट मागितली: माझ्यामुळे अडचण झाली तर डावी काठी वर कर, मी फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो. त्या रात्री काठी दोनदा वर गेली. दोन्ही वेळा कारण एकच: पायाने चुकून सॅक्सचा लूप पकडला गेला होता. आता त्या बटणावर मी लाल चिकटपट्टी लावली आहे.