वेगाची चाचणी घेताना या चुका टाळा

पावसाळा सरला, सड्यावरचं गवत पिवळं पडलं की फोंड्यापासून पेडण्यापर्यंत प्रशिक्षकांच्या खिशातली स्टॉपवॉच बाहेर येतात. ३० मीटर पळवा, वेळ घ्या, व्हॉट्सअॅपवर टाका. २०२३ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा इथे गोव्यात झाल्या, त्यानंतर तर हे खूळ माझ्या पाहण्यात फार वाढलंय. त्या वेळेवरून पुढच्या दोन महिन्यांचा सराव ठरतो, म्हणून आकडा चुकला की पोराचे दोन महिने जातात. एकाचे मी स्वतः घालवलेत.

सतरा वर्षांचा फुटबॉलमधला विंगर, म्हणजे कडेने पळणारा. पहिली चाचणी ऑक्टोबरात सकाळी सातला, मातीवर, दव पडलेलं. ३० मीटर ४.५८ सेकंदांत. फेब्रुवारीत तोच पोर ४.२९! मी खूश, त्याचा बाप माझ्याहून खूश. वेग आलाच आहे म्हणून त्याचे स्प्रिंट कमी केले आणि लांब पळायला लावलं. सामन्यात बघतो तर बॅकला मागे टाकताना याची दमछाक. मग वही काढली. दुसरी चाचणी दुपारी चारला झाली होती. त्या वेळी खारा वारा सुटतो, सड्यावर डोक्यावरची टोपी टिकत नाही, आणि आम्ही पोरांना वाऱ्याबरोबर पळवलं होतं. त्यात घड्याळ मदतनीसाच्या हातात. मी शिट्टीवर बटण दाबतो, तो पोराचा पाय हलल्यावर दाबायचा. पुढच्या रविवारी सकाळी सातला, त्याच रेघेवर, मीच घड्याळ धरून पळवलं: ४.५५. तीन शतांशांचा फरक तर माझ्या अंगठ्यातच असतो.

तेव्हापासून चाचणी सकाळीच. वहीत वेळेशेजारी वारा, बूट, जमीन आणि घड्याळ कोणाच्या हातात हेही लिहितो. शिट्टी बंद केली. २००९ च्या बर्लिनमधल्या १०० मीटरच्या ९.५८ सेकंदांत बोल्टचेसुद्धा ०.१४६ सेकंद बंदूक ऐकून निघण्यात गेले होते. दहा मीटरच्या पळण्यात एवढा वेळ म्हणजे केवढा! कान मोजायचेत की पाय, ते आधी ठरवा. माझी पोरं रेघेच्या अर्धा मीटर मागे उभी राहतात आणि मनाला येईल तेव्हा सुटतात. पळण्याच्या पट्ट्याला लागून सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन काठ्या रोवायच्या, मोबाईल बाजूला लांब तिपाईवर ठेवून सेकंदाला २४० फ्रेमनी चित्रण करायचं, आणि कंबर पहिली काठी ओलांडते त्या फ्रेमपासून दुसरी ओलांडते त्या फ्रेमपर्यंत मोजायचं. घरी बसून मोजताना डोळे दुखतात. दुखू देत.

दुसऱ्या चुकीने माझं डोकं फिरतं. इलिनॉय टेस्ट (प्लास्टिकच्या कोनांमधून ठरलेल्या वाटेने वळत पळण्याची चाचणी) घ्यायची, वेळ जास्त आली की ‘पोर चपळ नाही’ म्हणायचं आणि त्याला जमिनीवरच्या शिडीत टकटक नाचवायचं. अहो, कोन कुठे ठेवलेत ते पोराला पाठ असतं! चपळाई म्हणजे समोरचा हलला ते बघून आपण हलणं. इथे मोजली जाते ती ठरलेल्या जागी दिशा बदलणं, आणि त्यातही सरळ पळणं इतकं असतं की वेगवान पोर वाईट वळूनही वर राहतो.

मी ५०५ नावाची चाचणी घेतो. दहा मीटर धावत आल्यावर घड्याळ सुरू, पुढे पाच मीटरवरच्या रेघेवर पाय टेकून मागे वळायचं, पाच मीटर परत. त्या वेळेतून सरळ दहा मीटरची वेळ वजा करा. माझ्याकडच्या दोन मुलींची ५०५ सारखीच, २.६५. पण एकीचे दहा मीटर १.९० आणि दुसरीचे २.०५. म्हणजे वजाबाकी ०.७५ आणि ०.६०. पहिलीला थांबायला शिकवायचं आहे: कंबर खाली, शेवटची पावलं आखूड, मांडीत ब्रेक मारण्याची ताकद. दुसरी सुरेख वळते, तिला सरळ वेग हवा. एकच आकडा पाहिला असता तर दोघींना एकच सराव मिळाला असता. आणि डाव्या-उजव्या दोन्ही पायांवर घ्या, फुटबॉलवाल्यांचा एक पाय बहुतेक वेळा आळशी निघतो.

बाकीचं थोडक्यात. अंतर पावलांनी मोजू नका, टेप आणा. सरावाच्या शेवटी दमलेल्यांची चाचणी नको. दोन पळण्यांमध्ये तीन मिनिटं द्या. ‘सर, मी तयार आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, त्या वयात आपणही तयारच असायचो. चौदाच्या आसपासच्या पोरांची उंचीही लिहून ठेवा, झपाट्याने वाढणारं पोर वळताना काही महिने अडखळू शकतं.

काही पालकांना दर आठवड्याला आकडा हवा असतो. मी सहा-आठ आठवड्यांनी घेतो. तोवर वही पिशवीत, आणि कोणी गेटवर गाठून विचारलंच तर ‘बघूया’.