क्यूसीडी शिकायची आहे? आधी एक आकडा शेवटपर्यंत काढा

"डेल्टा प्लस प्लस या कणात अडचण काय आहे?"

पीएच.डी.च्या माझ्या पहिल्या मुलाखतीतला हा पहिला प्रश्न. मी खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभी होते आणि मला काहीही सुचत नव्हते. क्वांटम फील्ड थिअरीचा एक जाडजूड ग्रंथ मी अर्ध्याहून अधिक वाचून गेले होते. पाथ इंटिग्रल विचारा, रिनॉर्मलायझेशन विचारा, अशा तयारीत होते. आणि विचारले काय, तर एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही सांगता यावे असे काहीतरी. दहा मिनिटांत मी बाहेर आले. निवड झाली नाही, आणि व्हायलाही नको होती.

उत्तर असे आहे. या कणात तीन अप क्वार्क (क्वार्क म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते मूलकण) असतात, तिन्हींचे स्पिन एकाच दिशेला आणि तिन्ही सर्वांत खालच्या अवस्थेत. म्हणजे तीन अगदी एकसारखे फर्मिऑन एकाच अवस्थेत. फर्मिऑन म्हणजे असे कण, ज्यांच्यातले दोन एकसारखे कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. पाउली यांचा नियम याला सक्त मनाई करतो. तरीही हा कण प्रयोगात दिसतो. मग क्वार्कमध्ये आणखी एखादा गुणधर्म असला पाहिजे, ज्यामुळे ते तिघे एकमेकांपासून वेगळे ठरतात. गेल-मान आणि झ्वाइग यांनी क्वार्कची कल्पना मांडली १९६४ मध्ये. त्याच वर्षी ग्रीनबर्ग यांनी आणि पुढच्या वर्षी हान आणि नाम्बू यांनी या जादा गुणधर्माची वाट दाखवली. पुढे त्यालाच 'रंग' म्हणू लागले. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. तो विद्युतभारासारखाच एक भार आहे, फक्त तीन प्रकारचा. क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स, म्हणजे क्यूसीडी, हा या रंगभाराचा सिद्धांत.

त्या मुलाखतीनंतर मी अभ्यासाची रीतच बदलली, आणि नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांना मला तेवढेच सांगायचे आहे. पूर्ण पाया घालून मग क्यूसीडीकडे जाईन, असे म्हणत थांबू नका. एखादे छोटे गणित घ्या आणि ते शेवटच्या आकड्यापर्यंत न्या. ते करताना जे अडेल, ते शिका. पाया असा अडतअडतच भरला जातो.

माझे पहिले असे गणित 'आर' नावाच्या गुणोत्तराचे होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळले की कधी म्यूऑनची (इलेक्ट्रॉनच्या जड भावाची) जोडी निघते, तर कधी क्वार्कची जोडी निघून तिचे हॅड्रॉन, म्हणजे क्वार्कांचे बनलेले कण, होतात. या दोन शक्यतांचे गुणोत्तर काढायचे. पहिल्या पायरीला त्यात लागतो फक्त क्वार्कांच्या विद्युतभारांचा वर्ग. अप, डाउन आणि स्ट्रेंज या क्वार्कच्या तीन जातींच्या भारांचे वर्ग मिळवले तर चार नवमांश अधिक एक नवमांश अधिक एक नवमांश, म्हणजे दोन तृतीयांश. प्रयोगात मात्र टकरीची ऊर्जा २ ते ३ जीईव्हीच्या (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) आसपास असताना हे गुणोत्तर दोनच्या जवळपास दिसते. बरोबर तिप्पट. प्रत्येक क्वार्क तीन रंगांत येतो म्हणून तिप्पट. चार्म क्वार्कचा उंबरठा ओलांडला की ते दहा तृतीयांशाकडे जाते, बॉटमनंतर अकरा तृतीयांशाकडे. हे मी कऱ्हाडला सुट्टीत, वहीच्या एका पानावर केले. तोपर्यंत 'तीन रंग' हे मी पाठ केलेले वाक्य होते. त्या दुपारी ते मोजून मिळाले.

दुसरे गणित सांगते, कारण त्यात ग्रुप थिअरीची भीती जाते. तीन रंगांच्या सममितीचा गट म्हणजे एसयू(३). त्याचे आठ जनक असतात, गेल-मान मॅट्रिसेस. क्वार्कांमधले बल वाहून नेणारे आठ ग्लूऑन येतात ते तिथून. या आठही मॅट्रिसेस निम्म्या करा, प्रत्येकीचा वर्ग करा, बेरीज करा. हाताने. उत्तर येते चार तृतीयांश गुणिले एकक मॅट्रिक्स. आता हेच वापरून क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्यातले बल आकर्षणाचे की अपकर्षणाचे ते काढा. दोघे मिळून रंगहीन असतील तर गुणक उणे चार तृतीयांश, म्हणजे आकर्षण. रंगहीन नसलेल्या उरलेल्या आठ मिश्रणांच्या गटात असतील तर अधिक एक षष्ठांश, म्हणजे अपकर्षण. मेसॉन, म्हणजे क्वार्क-प्रतिक्वार्कच्या जोडीचे कण, रंगहीनच का असतात, याची पहिली चाहूल इथे लागते. मला यात चार दिवस गेले. तीनदा चिन्ह चुकले. त्या चार दिवसांत मी जेवढी ग्रुप थिअरी शिकले, तेवढी त्याआधीच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये शिकले नव्हते.

दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. वर्गात इंग्रजी समजायचे, पण शंका इंग्रजीत तयारच व्हायची नाही. मग मी वहीत दोन समीकरणांच्या मधल्या जागेत मराठीत लिहू लागले. 'हा उणे कुठून आला?' 'इथे आपण क्वार्कचे वस्तुमान शून्य धरले, चालेल का?' 'ही बेरीज रंगावर आहे की जातींवर?' शंका मराठीत नीट उभी राहिली की मग ती इंग्रजीत विचारणे फार अवघड नसते. ज्यांना माध्यमाची धास्ती वाटते, त्यांनी हे जरूर करून बघावे. माझी ती वही अजून माझ्याजवळ आहे आणि अजूनही उपयोगी पडते.

आता या सिद्धांताच्या गाभ्याबद्दल. विद्युतचुंबकीय बल वाहून नेतो फोटॉन, पण फोटॉनवर स्वतःवर विद्युतभार नसतो. ग्लूऑनचे तसे नाही. तो रंगभारामुळे होणारी देवाणघेवाण करतो आणि स्वतःही रंगभार बाळगतो. म्हणून ग्लूऑन ग्लूऑनशीही भिडतो. या एका फरकातून सगळे बदलते. १९७३ मध्ये प्रिन्स्टनचे ग्रॉस आणि विल्चेक आणि हार्वर्डचे पोलित्झर यांनी दाखवले की या बलाचा जोर सांगणारा आकडा, म्हणजे युग्मांक, जवळून लहान होत जातो आणि लांबून वाढतो. त्याला असिम्प्टॉटिक फ्रीडम म्हणतात. त्यासाठी तिघांना २००४ चे नोबेल मिळाले. सूत्राचा जीव एवढासाच आहे: ११ वजा क्वार्कांच्या जातींच्या संख्येचे दोन तृतीयांश. ११ हा ग्लूऑनचा वाटा, वजाबाकी ही क्वार्कांची. जाती सहा, म्हणून उत्तर सात, धन. जाती १७ असत्या तर चिन्ह उलटले असते आणि क्वार्क प्रोटॉनमध्ये जवळून सुटे-सुटे वागलेच नसते.

हे ११ एकदा तरी स्वतः काढा. मला पंधरा दिवस लागले आणि शेवटी वरच्या वर्षातल्या ताईने घोस्टची (गणितापुरत्या धरलेल्या, प्रत्यक्षात न दिसणाऱ्या कणाची) आकृती कुठे सुटली ते दाखवले. पण त्यानंतर झेड बोसॉनच्या वस्तुमानापाशी, म्हणजे ९१ जीईव्हीला, युग्मांक ०.११८ आहे हे वाचताना तो आकडा माझ्या ओळखीचा झाला होता. टाऊ लेप्टॉनच्या वस्तुमानापाशी, १.७८ जीईव्हीला, तोच ०.३ च्या वर असतो. कमी ऊर्जा म्हणजे जास्त अंतर; आणखी खाली गेले की तो इतका वाढतो की पायरीपायरीने केलेली गणिते भरवशाची राहत नाहीत.

प्रोटॉन नेमका तिथेच राहतो. दोन अप आणि एक डाउन यांची वस्तुमाने मिळवली तर ९ एमईव्हीच्या (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) आसपास भरतात. प्रोटॉनचे वस्तुमान आहे ९३८. म्हणजे तुमच्या-माझ्या वजनाचा जेमतेम एक टक्का क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानातून येतो. उरलेला बहुतेक सगळा ग्लूऑन क्षेत्राच्या आणि क्वार्कांच्या धावपळीच्या ऊर्जेतून. दोन क्वार्कना दूर ओढू लागलात तर प्रत्येक फर्मीला, म्हणजे साधारण प्रोटॉनच्या आकाराएवढ्या अंतराला, सुमारे १ जीईव्ही ऊर्जा खर्च होते. हे बल साधारण १६ टन वजनाएवढे भरते आणि अंतर वाढले तरी कमी होत नाही. हे हिशेब मी आजही कुणी विचारले की आनंदाने करून दाखवते.

या भागात शिरायचा रस्ता केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये दाखवला. अवकाश आणि काळ यांची जाळी करायची, क्वार्क जाळीच्या बिंदूंवर आणि ग्लूऑन बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर ठेवायचे, आणि मग संगणकाने मोजायचे. याला लॅटिस क्यूसीडी म्हणतात. मी यातच पीएच.डी. केली. २००८ मध्ये युरोपातल्या एका गटाने याच रीतीने प्रोटॉनसकट हलक्या हॅड्रॉनांची वस्तुमाने काही टक्क्यांच्या अचूकतेने काढली. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) हे काम बऱ्याच वर्षांपासून चालते. प्रचंड तापमानाला क्वार्क आणि ग्लूऑन सुटे होतात त्या अवस्थेच्या, म्हणजे क्वार्क-ग्लूऑन प्लाझ्माच्या, क्रिटिकल पॉइंटवर राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांनी तिथे केलेले काम या क्षेत्रातल्या कुणालाही ठाऊक असते.

मार्गदर्शकांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितले, "अगं, आधी ग्लूऑनचाच प्रोग्रॅम स्वतः लिही. तयार कोड नंतर." प्रत्येक दिशेला १६ बिंदू असलेली चौमिती जाळी, प्रत्येक बिंदूला चार दुवे, प्रत्येक दुव्यावर तीन बाय तीनची मॅट्रिक्स. सगळे मिळून ३८ एमबीच्या आसपास. म्हणजे साध्या लॅपटॉपवर सहज मावते. चार दुव्यांच्या छोट्या चौकोनाला प्लॅकेट म्हणतात. त्यावरच्या मॅट्रिसेस गुणून मिळणाऱ्या आकड्याची सरासरी बीटा ६.० ला (बीटा युग्मांकावरून ठरतो; बीटा मोठा तर युग्मांक लहान) ०.५९३७ यायला हवी, हे जगभर तपासलेले आहे. माझी येत होती त्याहून बरीच कमी.

तीन आठवडे मी चूक शोधत होते. रँडम नंबर बदलले, जाळी लहान केली, कंपायलर बदलला. रोज सकाळी नवा आकडा आणि रोज चुकीचाच. शेवटी मार्गदर्शकांनी विचारले, "बीटा अगदी लहान असताना काय येते?" तिथे कागदावर उत्तर माहीत असते: सरासरी म्हणजे बीटा भागिले १८. तेही माझे चुकत होते. म्हणजे चूक बारीक नव्हती, मुळात होती. मग त्यांनी आणखी एक तपासणी सांगितली आणि ती मी आजवर प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आले आहे. एकच दुवा बदला. सगळ्या जाळीची ॲक्शन (सगळ्या प्लॅकेटवरून निघणारी एक बेरीज) आधीची आणि नंतरची पूर्ण मोजा आणि फरक काढा. तोच फरक तुमच्या प्रोग्रॅममधल्या झटपट रीतीने काढा. दोन्ही शेवटच्या दशांशापर्यंत जुळले पाहिजेत. माझे जुळले नाहीत. प्रत्येक दुवा सहा प्लॅकेटमध्ये असतो, त्यामुळे त्याला सहा 'स्टेपल' लागतात, स्टेपलरच्या पिनेच्या आकाराचे तीन-तीन दुवे. खालच्या बाजूच्या स्टेपलमध्ये एका मॅट्रिक्सचा डॅगर, म्हणजे तिचे उलट्या दिशेचे रूप, घ्यायला मी विसरले होते. एक ओळ. ती दुरुस्त केली आणि अर्ध्या तासात ०.५९ वर आकडे थबकले.

त्या तीन आठवड्यांची मला अजिबात खंत नाही. डॅगर म्हणजे दुव्यावरून उलटे चालणे, आणि गेज सममिती म्हणजे काय, हे मला तिथे हातांनी कळले.

आता व्यवहाराचे थोडे. बी.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते, किंवा विद्यापीठातही चालते. मी पुण्यात केली. पीएच.डी.साठी टीआयएफआरची स्वतःची परीक्षा साधारण डिसेंबरात असते, शिवाय जेस्ट, गेट आणि सीएसआयआर नेट या परीक्षा. ज्युनियर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडे वेगळे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे धरा, पुढे दोन-तीन पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची तात्पुरती संशोधनाची पदे), बहुधा परदेशात. कायम नोकरी त्यानंतरच, आणि जागा कमी आहेत. हे घरी आधीच सांगून टाका. आमच्या अप्पांनी दरवर्षी दिवाळीत विचारले, "संपत आले का?" मी दरवर्षी खरे तेच सांगितले, आणि त्याचा आम्हा दोघांनाही फायदा झाला. लॅटिसवाल्यांना मोठ्या संगणकांवर काम करायची सवय असते, त्यामुळे संशोधन सोडावे लागले तरी हात रिकामे राहत नाहीत.

प्रयोगाकडे ओढा असेल तर जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या ॲलिस प्रयोगात भारतीय गट आहेत. तिथे शिसे-शिसे टकरींतून क्वार्क-ग्लूऑन प्लाझ्मा तयार करतात. हॅम्बुर्गला १९७९ मध्ये तीन जेटच्या (कणांच्या फवाऱ्यांच्या) घटनांतून ग्लूऑन पहिल्यांदा दिसला. ती चित्रे शोधून नक्की बघा. कागदावरचा कण डोळ्यांसमोर येतो.

आणि ज्यांना हे वाचून आजच काही करावेसे वाटते आहे, त्यांनी एसयू(३) ऐवजी एसयू(२) ने सुरुवात करावी. तिथे प्रत्येक दुवा म्हणजे चारच आकडे, ज्यांच्या वर्गांची बेरीज एक. पायथनमध्येही चालेल, जाळी प्रत्येक दिशेला चार बिंदूंची पुरे. दुवा थोडा हलवा, ॲक्शन मोजा, मेट्रोपोलिसच्या नियमाने (ॲक्शन घटली तर बदल ठेवायचा, वाढली तर कधीकधीच) ठेवा किंवा टाका. बीटा ०.४ ठेवा. इथे लहान बीटाला उत्तर बीटा भागिले चार असते, म्हणजे प्लॅकेटची सरासरी ०.१ च्या किंचित खाली यायला हवी. आली नाही, तर आधी खालच्या बाजूचे स्टेपल तपासा.