अमेरिकेतल्या काउंटी कोर्टातली प्रोबेटची फाइल कशी शोधावी, कशी वाचावी

आमच्या आत्याचे थोरले दीर न्यू जर्सीत वारले. मूलबाळ नव्हतं, बायको आधीच गेलेली. साताऱ्यात बसलेल्या आत्याला आणि तिच्या यजमानांना एवढंच हवं होतं, की दादांनी, म्हणजे त्या दिरांनी, काही लिहून ठेवलं होतं का आणि त्यांचं सगळं आता बघतंय कोण. शोधाशोध माझ्याकडे आली. मी ज्या काउंटीतल्या हॉस्पिटलात ते गेले तिथल्या नोंदी चाळत बसलो आणि तीन आठवडे त्यातच गेले. फाइल होती ते राहत होते त्या शेजारच्या काउंटीत.

1965 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जी मराठी मंडळी अमेरिकेत गेली, त्यांची पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यामुळे इथल्या भावंडांवर आणि पुतण्या-भाच्यांवर हे काम येतंच. ते घरबसल्या बरंचसं जमतं, फक्त क्रम चुकू द्यायचा नाही.

आधी काउंटी, मग नाव

मृत्युपत्र कोर्टात शाबीत करून घेणं म्हणजे प्रोबेट, हे मुंबईकरांना माहीत असतं. अमेरिकेत मृत्युपत्र नसलं तरी मालमत्तेचा कारभार सोपवण्याचं काम त्याच कोर्टात चालतं, आणि त्या सगळ्यालाच बोलीत प्रोबेट म्हणतात. देशभराची एक यादी नाही. कायदा राज्याचा आणि दप्तर काउंटीचं. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं एकक. देशात अशा तीन हजारांहून जास्त आहेत.

फाइल सहसा माणूस कायमचा जिथे राहत होता त्या काउंटीत उघडते. कुठे वारला, कुठे दहन झालं, याला महत्त्व नाही. दुसऱ्या राज्यात त्याच्या नावावर घर किंवा जमीन असेल, तर तिथल्या काउंटीत एक जोडफाइलही निघू शकते.

पोस्टाच्या पत्त्यावर मात्र विसंबू नका. पाकिटावर 'प्रिन्स्टन' लिहिलेलं असतं म्हणून आपण मर्सर काउंटीत शोधतो, आणि माणूस राहत असतो प्लेन्सबरोत, जे मिडलसेक्स काउंटीत येतं. शिवाय मिडलसेक्सही एकच नाही. एडिसन जिथे आहे ती न्यू जर्सीतली, आणि दुसरी बॉस्टनला लागून मॅसॅच्युसेट्समधली. दोन्हीकडे मराठी वस्ती आहे, म्हणून राज्याचं नाव डोक्यात पक्कं ठेवूनच शोधायला बसा. घराचा पूर्ण पत्ता असेल तर काउंटी कोणती हे नकाशावर दोन मिनिटांत कळतं. मृत्यूच्या दाखल्यावरही राहत्या घराची काउंटी आणि मृत्यूच्या ठिकाणची काउंटी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. मी दाखला नीट वाचला असता तर ते तीन आठवडे वाचले असते.

कोर्टाचं नाव दर राज्यात वेगळं

'प्रोबेट कोर्ट' असं शोधून काही हाती लागलं नाही की लोक समजतात, नोंदच नाही. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत हे काम 'सरोगेट'कडे असतं. मूल जन्माला घालण्याशी त्या शब्दाचा इथे काही संबंध नाही, ते जुनं कोर्टाचं पद आहे. पेन्सिल्व्हेनिया आणि मेरीलँडमध्ये 'रजिस्टर ऑफ विल्स'. कॅलिफोर्नियात काउंटीचं सुपीरियर कोर्ट, इलिनॉयमध्ये सर्किट कोर्ट, टेक्ससमध्ये कागद काउंटी क्लार्ककडे. जॉर्जिया आणि मिशिगनमध्ये मात्र सरळ प्रोबेट कोर्ट. कनेक्टिकटमध्ये काउंटीऐवजी प्रोबेट डिस्ट्रिक्ट आहेत आणि लुइझियानात काउंटीला पॅरिश आणि या प्रकरणाला 'सक्सेशन' म्हणतात. तुमच्या राज्यात काय म्हणतात हे कळलं की काउंटीचं नाव त्याला जोडून शोधा आणि सरकारी संकेतस्थळावरच जा. पैसे घेऊन 'सगळ्या नोंदी' देतो म्हणणाऱ्या खासगी साइट वर दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

नाव शोधताना

मेरीलँडची शोधयादी राज्यभराची आणि फुकट आहे. न्यू यॉर्कची 'वेबसरोगेट' नावाची सोय आहे. बाकी ठिकाणी काउंटीगणिक फरक. काही जण नुसता फाइल नंबर दाखवतात, काही स्कॅन केलेली पानंसुद्धा.

आपल्या नावांचा घोळ इथे खरा होतो. आधी फक्त आडनाव टाका. वैद्य, देशपांडे, कुलकर्णी ही नावं रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिली जातात; 'व'साठी कुणी व्ही घेतं, कुणी डब्ल्यू. वडिलांचं नाव कधी मधलं नाव होतं, कधी त्याचं एकच अक्षर उरतं, कधी तेच आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं पाहा, आणि लग्नात बदललेलं पहिलं नावसुद्धा. तिकडे गेल्यावर घेतलेलं सुटसुटीत नावही असू शकतं; आमच्या घरात दादांचं पाळण्यातलं नाव कुणी वापरतच नव्हतं, कागदावर मात्र तेच होतं. फाइलवर 'ऊर्फ' अशा अर्थाची ए-के-ए ही अक्षरं दिसली की पुढची सगळी नावं वहीत उतरवून घ्या.

तारखा महिना आधी अशा लिहिलेल्या असतात. 03/07/2019 म्हणजे 7 मार्च, 3 जुलै नव्हे.

ऑनलाइन काही मिळालं नाही तर सरळ फोन करा. न्यू जर्सीतल्या सकाळी नऊला आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेसात. पूर्ण नाव, मृत्यूची तारीख आणि शेवटचा पत्ता समोर ठेवा आणि एवढंच विचारा: या नावाने फाइल उघडली आहे का, नंबर काय, प्रती कशा मागवायच्या. कायद्याचा सल्ला क्लार्क देऊ शकत नाहीत, पण या तीन प्रश्नांची उत्तरं देतात.

फाइल वाचताना

पहिलं पान असतं प्रकरणाचं रोजनाम्यासारखं रजिस्टर, ज्याला डॉकेट म्हणतात. कोणता कागद कोणत्या तारखेला दाखल झाला, त्याची ओळीखाली ओळ. ते वरपासून वाचलं की गोष्ट उलगडते: अर्ज आला, मृत्युपत्र दाखल झालं, मान्य झालं, अधिकारपत्र निघालं, नातेवाइकांना कळवल्याचा पुरावा आला. पुढे राज्याप्रमाणे मालमत्तेची यादी, घेणेकऱ्यांचे दावे, हिशेब आणि वाटपाचा आदेश.

माझं ऐकाल तर सगळ्यात आधी अर्ज मागवा, मृत्युपत्रसुद्धा नंतर. अर्जात जवळच्या वारसांची नावं, नाती आणि पत्ते असतात. आमच्या फाइलमध्ये आत्याच्या यजमानांचं नाव होतं, 'भाऊ' असं नातं होतं, आणि पत्ता होता तीस वर्षांपूर्वी विकलेल्या वाड्याचा. न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे मृत्युपत्र मान्य झाल्यापासून साठ दिवसांत लाभार्थ्यांना आणि जवळच्या वारसांना टपालाने कळवावं लागतं. कळवलं होतं, ते पत्र वाड्याच्या पत्त्यावर गेलं होतं. 'आम्हाला कुणी विचारलंच नाही' हा आत्याच्या मनातला सल त्या एका पानाने निघाला.

मग अधिकारपत्र, म्हणजे 'लेटर्स'. मृत्युपत्र असेल आणि त्यात नेमलेला माणूस काम बघणार असेल तर 'लेटर्स टेस्टामेंटरी', आणि त्या माणसाला एक्झिक्युटर म्हणतात. मृत्युपत्र नसेल तर 'लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. बँकेत, घराच्या विक्रीत सही चालते ती याच माणसाची. न्यू जर्सी-पेन्सिल्व्हेनियात लेटर्स निघाल्याचा एक पानी दाखला मिळतो, त्याला 'शॉर्ट सर्टिफिकेट' म्हणतात. आमच्या फाइलमध्ये एक्झिक्युटर म्हणून दादांच्या एका जुन्या मित्राचं नाव होतं. एक गोष्ट घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते: एक्झिक्युटर म्हणजे मालक नव्हे. तो कारभारी. माल कुणाला, ते मृत्युपत्रात किंवा राज्याच्या वारसा कायद्यात असतं.

मालमत्तेची यादी मिळेलच असं धरून चालू नका. कॅलिफोर्नियात ती डीई-160 या फॉर्मवर दाखल होते आणि आकड्यांसकट वाचता येते. न्यू जर्सीत कोर्टाने मागितल्याशिवाय ती दाखलच करावी लागत नाही. टेक्ससमध्ये 2011 पासून बऱ्याच प्रकरणांत यादीऐवजी नुसतं प्रतिज्ञापत्र चालतं.

मुदतींकडेही लक्ष ठेवा. कॅलिफोर्नियात मृत्युपत्र मान्य झाल्यावर त्याला आव्हान द्यायला 120 दिवस असतात. मनात शंका असेल तर डॉकेटवरची ती तारीख घेऊन त्या राज्यातला वकील लगेच गाठा, फाइल पूर्ण वाचून होईपर्यंत थांबू नका.

काहीच सापडलं नाही तर

तरी काही लपवलंय असं मनात आणू नका. नवरा-बायकोच्या संयुक्त नावावरचं घर, नॉमिनी असलेला विमा, 401-के सारखी निवृत्तीची खाती, जिवंतपणी केलेला ट्रस्ट, हे सगळं सहसा प्रोबेटबाहेरच हस्तांतरित होतं. छोट्या रकमांना सोपी वाट आहे: न्यू यॉर्कमध्ये 50,000 डॉलरपर्यंतच्या जंगम मालमत्तेला, टेक्ससमध्ये साधारण 75,000 पर्यंत. घराचं काय झालं हे पाहायचं तर काउंटीच्याच दस्त नोंदणी कार्यालयात खरेदीखतांची यादी असते, ती बघा. आणि जिवंत माणसाचं मृत्युपत्र कुठेच सार्वजनिक नसतं.

जुन्या काळातलं शोधणाऱ्यांसाठी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर कितीतरी काउंट्यांच्या जुन्या नोंदवह्या फुकट पाहता येतात. पण शिकागोच्या 1871 च्या आगीत कुक काउंटीचं कोर्ट जळालं आणि सॅन फ्रान्सिस्कोचं दप्तर 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत गेलं, तेव्हा त्याआधीचं तिथे फारसं उरलेलं नाही. उलट जॉर्ज वॉशिंग्टनचं 1799 मध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेलं मृत्युपत्र व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीने आजही जपून ठेवलंय. आज फेअरफॅक्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाचं मृत्युपत्रही त्याच काउंटीच्या दप्तरी जमा होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

ईमेलवर 'तुमचे नातेवाईक वारले, तुमच्या नावे लाखो डॉलर आहेत' असं आलं तर हीच पद्धत उपयोगी पडते. काउंटी आणि फाइल नंबर विचारा, आणि त्या काउंटीचा फोन नंबर ईमेलमधून न घेता स्वतः शोधून खात्री करा. खऱ्या वारसांना शोधून टक्केवारी मागणारेही असतात. फाइल सार्वजनिक असेल तर कुठेही सही करण्याआधी ती स्वतः वाचा.

प्रत मागवताना

नुसतं वाचायचं असेल तर साधी प्रत घ्या. कॅलिफोर्नियात पानामागे 50 सेंट पडतात. बँकेत किंवा कोर्टात द्यायची असेल तर शिक्क्याची प्रमाणित प्रत लागते. भारतात वापरायची असेल तर त्या प्रतीवर त्या राज्याच्या सरकारकडून अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून जोडलेला सरकारी दाखला, करून घ्या. अपोस्टील मानणाऱ्या देशांच्या करारात भारत 2005 पासून आहे. मात्र काउंटीच्या लेटर्सवर पुण्यातला फ्लॅट आपोआप कुणाच्या नावावर होत नाही. परदेशात शाबीत झालेल्या मृत्युपत्राची प्रमाणित प्रत जोडून इथल्या कोर्टाकडून अधिकार मागण्याची तरतूद भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 228 मध्ये आहे, आपल्या वकिलाला ते कलम दाखवा. आणि अपोस्टीलचा कागद प्रतीला जिथे पिनने जोडलेला असतो, ती पिन झेरॉक्सवाल्याला काढू देऊ नका. पिन निघाली की कार्यालयं ते कागद नाकारू शकतात, आणि मग सगळं पुन्हा अमेरिकेहून मागवावं लागतं.