ई४६चा मागचा सबफ्रेम: पत्रा फाटण्याआधी प्लेटा

बीएमडब्ल्यू ई४६ (३-सिरीज गाडीची एक पिढी) ट्रॅकवर न्यायची तर आधी मागच्या सबफ्रेमच्या (मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल धरणारी चौकट) चार बैठका, म्हणजे ती बॉडीला बोल्टनं बसते त्या जागा, तपासा. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की डिफरन्शियलचा (इंजिनाचा जोर दोन चाकांना वाटणारा गिअरचा डबा) पीळ तिथल्या पातळ पत्र्यावर येतो. स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे जोड) सुटतात, मग भेग पळते. अंडरकोटखाली (गाडीच्या तळाचा गंजरोधक लेप) ती दिसतच नाही, म्हणून तो खरवडून पत्रा चकचकीत करायचाच. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच.

बॅटरी सोडली, पेट्रोलची टाकी, एक्झॉस्ट, सबफ्रेम उतरवले. आतला गालिचा आणि डिकीचं अस्तरही काढलं, नाहीतर ठिणगीनं वरून आग लागते. भेगेच्या टोकांना ३ मिमीची भोकं पाडून भेग आणि भोकं मिग वेल्डनं (सतत तार पुरवणारं वेल्डिंग) भरली. मग पत्र्याला बेतलेल्या मजबुतीच्या प्लेटा चारही जागी: कडेनं साधारण २५ मिमीचे टाके, आलटूनपालटून, मध्ये प्लग वेल्ड (प्लेटेतल्या भोकातून भरलेला वेल्ड). सलग वेल्ड ओढला की पत्रा तापून वाकतो आणि बोल्ट जागेवर येत नाहीत. प्लेट पक्की करण्याआधी सबफ्रेम एकदा लावून पाहिलेला बरा.

नंतर एपॉक्सी प्रायमर, सीम सीलर (सांधे बुजवणारा लेप), पोकळीत वॅक्स. प्लेटा न लावता सबफ्रेमच्या रबरी बुशऐवजी (बैठकीतल्या धक्का झेलणाऱ्या गाद्या) नुसते कडक पॉलीयुरेथेन बुश बसवू नका. रबर जो धक्का पचवतं तो थेट पत्र्यावर जातो.