दाणा वाळवला का?

गोळी आरपार गेल्यावर भोक आपोआप बुजवणारी शीट गरम प्रेसमध्ये दाबायला परत बसताय, तर आधी प्लॅस्टिकचा दाणा वाळवा. बाकीचं नंतर.

माल दोनच: ईएमएए आयोनोमर (सोडियम किंवा झिंकचे आयन असलेलं प्लॅस्टिक, गोल्फच्या चेंडूला ज्याचं कवच असतं, त्याच जातीचं; दाणा म्हणतो तो याचाच) आणि इपॉक्सीकृत, म्हणजे साखळीत ऑक्सिजन जोडलेलं, नैसर्गिक रबर. हातमोजे, कात्री, मोल्डला माल चिकटू नये म्हणून घालायची रिलीज शीट हे सांगत बसत नाही. रबराचे तुकडे बारीक करा, मोठा गोळा टाकला तर मिक्सरमध्ये तसाच फिरत राहतो.

आता दाणा. मागच्या श्रावणात आम्ही वाळूजच्या एका शेडमध्ये उघडी पिशवी तशीच वापरली. मराठवाड्यात पावसाची वाट बघण्यात जन्म जातो, हवेतल्या ओलाव्याची काळजी कोण करतो? दाणा हाताला कोरडाच लागतो, मिठासारखं पाणी सुटत नाही, म्हणून तर फसगत होते. आयोनोमर हवेतलं पाणी ओढतो आणि सोडियमचा झिंकपेक्षा जास्त ओढतो. प्रेसमध्ये त्या पाण्याची वाफ होते आणि शीटभर बुडबुडे. म्हणून रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये, ६० अंशांच्या आसपास. घाईने १०० वर नेलं तर दाण्याची गुळासारखी ढेप होते, कारण हा ९०-९५ अंशांनाच वितळतो. वाळवलेला दाणा थेट मिक्सरमध्ये. मधे चहाला जायचं असेल तर फॉइलच्या पिशवीत घालून तोंड सील करा. रबरही वाळवा. हो, रबरही.

शीट दाबल्यावर उजेडासमोर धरा. बुडबुडा दिसला तर फेकून द्या आणि परत दाणा वाळवा. शीटवर तारीख घाला, कारण आयोनोमर साच्यातून निघाल्यावरही कित्येक दिवस आतून बदलत राहतो. आजची आणि महिन्यापूर्वीची शीट शेजारी लावून तुलना करू नका.

चाचणी शूटिंग रेंजवर, प्रशिक्षक हजर असतानाच, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून. ४.५ मि.मी.ची एअर रायफल चालेल. घरी खिळा टोचून 'बुजत नाही' म्हणून फोन करू नका. गोळीच्या वेगाने भोकाच्या कडा तापून वितळतात, ताणलेलं प्लॅस्टिक मागे उसळून त्यांना मिटवतं आणि वितळलेल्या कडा एकमेकींना चिकटतात. हळू टोचलं तर ती उष्णताच तयार होत नाही. शीट चारही कडांना आवळा, मागे काही टेकवू नका.

बुजलं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. आमचं भोक दिसायला मस्त मिटलं होतं. मागून हवेचा दाब देऊन साबणाचं पाणी सोडलं, तर पंक्चरवाल्याच्या घमेल्यात यावा तसा फेस आला. कापून पाहिलं तर आत बुडबुडेच बुडबुडे. ओला दाणा.

फोटो, नोंदी, वजनं, नेहमीसारखं. परवा सकाळी प्रेस मिळालाय ना? मग उद्या संध्याकाळी दाणा ओव्हनमध्ये गेलेला पाहिजे.