बिल दिलं त्याच दिवशी अनुदानाचा शिक्का

छोट्या संस्थेकडे दोन-तीन अनुदानं एकदम चालू असली, की मार्चनंतर उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान कशावर खर्च झालं याचा दाखला) काढताना कुठलं बिल कुणाच्या पैशातलं, हे कुणालाच आठवत नाही. एकच बिल अनुदान देणाऱ्या दोघांना दाखवलं गेलं, तर पुढचा हप्ता अडकतो.

१. साधा रबरी शिक्का करून घ्या. त्यावर चार ओळी: अनुदान, खर्चाचं शीर्ष (खर्चाचा प्रकार), व्हाउचर (खर्चाच्या नोंदीची चिठ्ठी) क्रमांक, रक्कम.

२. पैसे चुकते केले त्याच दिवशी बिलावर शिक्का मारा आणि रकाने पेनाने भरा. शीर्ष मंजुरीपत्रातलंच, शब्दाला शब्द लिहा. तिथे 'प्रवास' असेल तर तुम्ही 'वाहतूक' लिहू नका. तपासनीस इथेच अडतात.

३. खर्च विभागायचा असेल तर बिलावरच फोड करा. उदा. वर्गाच्या खोलीचं भाडं ३,६०० रुपये: २,४०० 'अ' अनुदानातून, १,२०० 'ब' मधून. मूळ बिल एका फायलीत, झेरॉक्स दुसरीत. दोन्हींवर दोन्ही व्हाउचर क्रमांक हवेत.

४. पेट्रोल पंपाची किंवा किराण्याची गुळगुळीत पावती काही महिन्यांत कोरी पडते. लगेच झेरॉक्स काढा, शिक्का झेरॉक्सवर मारा, मूळ पावती मागे टाचा.

सावधान: एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नका. शिक्का कितीही नीट असला, तरी प्राप्तिकरात तो खर्च साधारणपणे धरला जात नाही. बिलाचे तुकडे पाडूनही उपयोग नाही, कारण दिवसाची बेरीज धरतात.