अपडेटनंतर प्रोग्रॅम निघेना? हात घालण्याआधीची तयारी

विंडोज अपडेट झालं, अनइन्स्टॉल दाबलं, आणि खिडकी क्षणभर उघडून मिटली. नाहीतर कुठलीतरी फाइल मागत बसली. अशा वेळी प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डरच उडवून टाकावंसं वाटतं. ते मात्र करू नका. बऱ्याच प्रोग्रॅमांचा अनइन्स्टॉलर त्याच फोल्डरात असतो आणि विंडोज फक्त तो चालू करतं. फोल्डर गेलं की यादीत नाव तेवढं उरतं, काढायचं साधन हातचं जातं.

आधी संगणक रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं वेगळं: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर त्यात सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो, त्यामुळे अडकलेल्या गोष्टी अडकलेल्याच राहतात. विंडोज अपडेटच्या पानावर रीस्टार्ट बाकी दिसत असेल तर तो उरकून घ्या. १६१८ क्रमांकाची एरर आली तर घाबरायचं कारण नाही, दुसरं एखादं इन्स्टॉलेशन चालू आहे एवढाच तिचा अर्थ.

मग खातं तपासा. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड हाताशी हवा. काही प्रोग्रॅम एकाच वापरकर्त्यापुरते बसवलेले असतात आणि दुसऱ्या खात्यातून यादीत दिसतच नाहीत, तेव्हा ज्या खात्यातून बसवला त्यातच लॉगिन करा. सेटिंग्जमधल्या यादीतून काम होत नसेल तर कंट्रोल पॅनेलच्या प्रोग्रॅम्स अँड फीचर्समध्येही एकदा बघा.

प्रोग्रॅमचं नेमकं नाव, आवृत्तीचा पूर्ण क्रमांक आणि लायसन्स की कागदावर उतरवा. लायसन्स ठरावीक संगणकांपुरतं असेल तर प्रोग्रॅम उघडतोय तोवरच डीॲक्टिव्हेट करून घ्या. प्रोग्रॅमने साठवलेला डेटाही बाहेर काढा. तो डॉक्युमेंट्समध्ये नसून ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असू शकतो. सी ड्राइव्हचं सिस्टिम प्रोटेक्शन चालू आहे का बघून एक रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टिम आत्ताच्या स्थितीला परत नेता येते. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा, आणि त्याच संगणकावर मुळीच नको.

खरी गोम आहे सेटअप फाइलची. एमएसआय, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरची सेटअप फाइल, या पद्धतीने बसलेल्या प्रोग्रॅमची एक प्रत विंडोज फोल्डरातल्या इन्स्टॉलर या लपवलेल्या फोल्डरात राहते आणि काढताना तीच लागते. जागा मोकळी करण्याच्या नादात कुणी ते फोल्डर साफ केलं असेल तर नड अपडेटनंतर काढायला गेल्यावर उघडी पडते आणि बोल अपडेटला लागतो. तेव्हा नेमकी तीच आवृत्ती बनवणाऱ्याच्या अधिकृत साइटवरून उतरवून ठेवा. नवी आवृत्ती इथे चालत नाही. अनइन्स्टॉल करताना खिडकी एमएसआय फाइलचं नाव आणि जुना पत्ता दाखवते. ब्राउझ दाबून उतरवलेली फाइल द्यायची, पण नाव अक्षरन् अक्षर तेच हवं. डाउनलोड करताना ब्राउझरने नावामागे कंसात १ जोडला असेल तर तो काढा, नाहीतर योग्य फाइलसुद्धा नाकारली जाते. एवढ्यावर भागलं नाही तर त्याच सेटअपने रिपेअर करा, मग काढा.

अँटिव्हायरस स्वतःचं संरक्षण करतात, त्यामुळे साध्या रस्त्याने हटत नाहीत. त्यांच्या कंपनीचं रिमूव्हल टूल आधीच पेन ड्राइव्हवर घ्या; काढण्याचं काम अर्धवट राहिलं तर इंटरनेटही बंद पडू शकतं. विंडोजसोबत आलेल्या काही ॲप्सचं अनइन्स्टॉल बटण फिकटच असतं, त्यांच्या नादी लागू नका.

सेफ मोडचा, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींनिशी चालू करण्याचा, सल्ला सर्रास मिळतो. तिथे विंडोज इन्स्टॉलर सर्व्हिस एरवी चालत नाही, म्हणून एमएसआयवाल्या प्रोग्रॅमला त्याचा उपयोग नाही. त्याऐवजी सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडून, सर्व्हिसेसमध्ये (मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी) मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस लपवा, उरलेल्या बंद करा, रीस्टार्ट करा आणि मग प्रोग्रॅम काढा. बंद करण्यापूर्वी यादीचा फोटो काढा, म्हणजे नंतर नेमक्या त्याच चालू करता येतील.

अपडेट मोठं, म्हणजे आवृत्ती बदलणारं असेल, तर मागे जायची सोय साधारण १० दिवस असते. जुनं विंडोज ज्यात राहतं ते विंडोज डॉट ओल्ड फोल्डर पुसलं की तीही गेली. एका प्रोग्रॅमसाठी मागे जाणं आम्हाला पटत नाही. अपडेटनंतर बसवलेले प्रोग्रॅम त्यात निघून जातात.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, अगदी शेवटी, तीही प्रोग्रॅम खरोखर निघाला आणि यादीत फक्त नाव लटकलं तरच. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, अनइन्स्टॉल असा रस्ता आहे. ३२ बिट प्रोग्रॅमची नोंद वाव ६४३२ नोडखाली असते. तिथल्या बऱ्याच नोंदींची नावं महिरपी कंसातल्या लांबलचक आकड्या-अक्षरांची असतात. एकेक उघडून उजवीकडे डिस्प्ले नेम वाचा, आपलीच नोंद सापडली की आधी एक्स्पोर्ट करून फाइल डेस्कटॉपवर ठेवा आणि तेवढीच पुसा. वरची अनइन्स्टॉल की (रजिस्ट्रीतलं फोल्डर) पुसली तर सगळ्याच प्रोग्रॅमांच्या नोंदी जातील.